तेच सूर, तीच रचना, पुन्हा एकदा : फिगर स्केटिंगमधील पुनरावृत्तीचा इतिहास (दीर्घ थ्रेड)

१/
फेब्रुवारी २०१८. दक्षिण कोरियातील प्योंगचांग हिवाळी ऑलिम्पिकसाठी जपानचा युझुरू हान्यू गांगनंगच्या बर्फावर उतरला, तेव्हा त्याच्या उजव्या घोट्याला दुखापत होऊन तीन महिने लोटले होते. मधल्या काळात त्याने एकाही स्पर्धेत भाग घेतला नव्हता. गतविजेता होता, पण सिद्ध नव्हता. आणि त्याने सोबत आणलेल्या दोन्ही रचना जुन्या होत्या. एक आधीच दोन हंगाम प्रेक्षकांनी पाहिलेली, दुसरी एक हंगाम.

२/
हे विशेष का, ते समजण्यासाठी या खेळाची रीत ठाऊक हवी. एकेरी स्केटिंगच्या स्पर्धेत दोन सादरीकरणे असतात : छोटे आणि मुक्त. सामान्यतः दर उन्हाळ्यात खेळाडू नवे संगीत निवडतो, नृत्यदिग्दर्शकाकडे जातो, नवा पोशाख शिवतो आणि हिवाळ्यात ते सारे परीक्षकांपुढे मांडतो. जुनी रचना पुन्हा आणण्यास नियमांची आडकाठी नाही. आडकाठी असते ती समजुतीची : जो पुनरावृत्ती करतो त्याच्याकडे सांगण्यासारखे काही उरले नाही, अशी.

३/
ही समजूत फार जुनी नाही. मुळात बर्फावर संगीत आले तेच उशिरा. १८६० च्या दशकात जॅक्सन हेन्स हा अमेरिकी नर्तक युरोपात गेला आणि व्हिएन्नात वॉल्ट्झच्या तालावर स्केटिंग करून त्याने लोकांना वेड लावले. तोवर बर्फावर अचूक आकृत्या कोरणे हेच कौशल्याचे माप होते. अंग ताठ, हात शरीराशी. हेन्सने बॅलेतील हालचाली बर्फावर आणल्या. मायदेशी त्याचे फारसे कौतुक झाले नाही. १८७५ मध्ये फिनलंडच्या किनाऱ्यावरील एका गावात त्याचा अंत झाला, आणि आज ज्याला आपण फिगर स्केटिंग म्हणतो त्याची बरीचशी वंशावळ त्याच्यापाशी जाऊन थांबते.

४/
तरीही पुढची कित्येक दशके निकालाचा मोठा भाग अनिवार्य आकृत्यांवर ठरत असे. रिकाम्या, शांत रिंकमध्ये खेळाडू बर्फावर वर्तुळे काढीत आणि परीक्षक वाकून त्या रेषा तपासत. संगीत नाही, टाळ्या नाहीत. १९९० नंतर जागतिक स्पर्धांतून या आकृत्या हद्दपार झाल्या. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला त्या कधीच रुचल्या नव्हत्या. त्याला हवे होते संगीत आणि कथा. संगीताचे वजन वाढले तशी त्याच्या निवडीची चिंताही वाढली.

५/
या चिंतेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९८८ चे, कॅनडातील कॅलगरी ऑलिम्पिकमधले. पूर्व जर्मनीची काटारीना विट आणि अमेरिकेची डेबी थॉमस या दोघींनी मुक्त सादरीकरणासाठी एकच संगीत निवडले होते : बिझेच्या 'कारमेन' या ऑपेराचे. १८७५ मध्ये पॅरिसमध्ये रंगमंचावर आलेल्या या ऑपेराचे सूर बर्फावर तोवर शेकडो वेळा वाजून गेले असतील. शीतयुद्धाच्या अखेरच्या वर्षांत दोन महासत्तांच्या गोटांतील दोन कारमेन आमनेसामने आल्याने वृत्तपत्रांना आयते नाट्य मिळाले.

६/
विटची कारमेन शेवटी बर्फावर कोसळून मरते. थॉमसची जिवंत राहते. त्या रात्री थॉमसच्या उड्या चुकल्या आणि सुवर्ण विटकडे गेले. रौप्य मात्र थॉमसला मिळाले नाही, ते मिळाले कॅनडाच्या एलिझाबेथ मॅन्लीला, जिच्याकडे या गाजावाजात कोणाचे लक्षच नव्हते. थॉमस कांस्यपदकाची मानकरी ठरली. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. 'दोन कारमेन'च्या कथेत हा तपशील अनेकदा हरवतो.

७/
विटने कारमेनला तेथेच सोडले नाही. १९९० मध्ये 'कारमेन ऑन आइस' या चित्रपटात तिने तीच भूमिका बर्फावर संपूर्ण साकारली. सोबत होते अमेरिकेचा ब्रायन बॉइटानो आणि कॅनडाचा ब्रायन ऑर्सर. ऑर्सरचे नाव लक्षात ठेवावे. १९८४ आणि १९८८ अशी दोन ऑलिम्पिक रौप्ये मिळवलेला हा खेळाडू पुढे प्रशिक्षक झाला, आणि २०१२ मध्ये सेंदाई शहरातील एक सतरा वर्षांचा मुलगा त्याच्याकडे टोरांटोला शिकायला आला.

८/
पण त्याआधी साराजेव्हो. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी ब्रिटनच्या जेन टॉरव्हिल आणि ख्रिस्तोफर डीन यांनी राव्हेलच्या 'बोलेरो'वर केलेले आइस डान्सिंग ठाऊक नसलेला स्केटिंगप्रेमी विरळा. कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी त्यांना पूर्ण ६.० गुण दिले. मूळ 'बोलेरो' पाव तासाच्या आसपासचे. ते कापता कापता चार मिनिटे अठ्ठावीस सेकंदांच्या खाली येईना, आणि नियमाची कमाल मर्यादा होती चार मिनिटे दहा सेकंद.

९/
त्यांनी काढलेली पळवाट या खेळाच्या दंतकथांत जमा आहे. घड्याळ सुरू होते ते स्केटचे पाते बर्फावर हालचाल करू लागते तेव्हा. म्हणून दोघांनी सुरुवातीचे अठरा सेकंद गुडघ्यांवर बसूनच काढले. शरीरे डोलत होती, पाती बर्फाला लागलेली नव्हती. नियमाच्या अडचणीतून आलेली ही गुडघ्यांवरची सुरुवातच पुढे त्या रचनेची ओळख ठरली.

१०/
त्यानंतर ते दोघे व्यावसायिक झाले आणि 'बोलेरो' त्यांच्या मागे सावलीसारखे राहिले. प्रेक्षकांना तेच हवे असे. व्यावसायिक जगात पुनरावृत्तीला कोणी नाक मुरडत नाही. गाजलेले नाटक पुन्हा लागले म्हणून कोण तक्रार करतो? तीस वर्षांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, ते पुन्हा साराजेव्होला गेले आणि त्याच झेत्रा सभागृहात 'बोलेरो' सादर केले. टॉरव्हिल छप्पन्न वर्षांची होती, डीन पंचावन्नचा.

११/
सभागृह तेच म्हणायचे, पण तसे नव्हे. १९९२ ते १९९६ या साराजेव्होच्या वेढ्यात झेत्रा उद्ध्वस्त झाले होते आणि त्याच्या परिसरातील मोकळ्या जमिनीवर दफनभूमी पसरली होती. १९९९ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. विटही याच शहरात १९८४ ला पहिले सुवर्ण जिंकली होती. १९९४ च्या लिलेहामर ऑलिम्पिकमध्ये ती स्पर्धेत परतली तेव्हा तिने युद्धविरोधी गीताचे सूर निवडले आणि आपले सादरीकरण वेढ्यातील साराजेव्होला अर्पण केले. ती सातवी आली. २०१४ च्या 'बोलेरो'त उड्या उंच नव्हत्या, वेग कमी होता. परंतु तीच पावले त्याच जागी पडत असताना मधली तीस वर्षे कोणाला विसरता आली असतील?

१२/
येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. मराठी रसिकाला पुनरावृत्ती अपरिचित नाही. गवई जन्मभर तोच यमन गातो आणि श्रोते पुन्हा पुन्हा ऐकायला जातात. पण गवयाला मैफलीत वाट बदलण्याची मुभा असते. स्केटरला ती जवळजवळ नाही. उडी कोणत्या सुरावर घ्यायची, गिरकी किती फेऱ्यांची, हे सारे आधी बांधलेले असते. ऐन वेळी बदल होतो तो बहुधा चूक सावरण्यासाठी. मग तीच रचना पुन्हा आणताना नवे काय येते? खेळाडूचे वय, त्याचे शरीर आणि उड्यांची काठिण्यपातळी.

१३/
या तिसऱ्या गोष्टीला २००४ नंतर विशेष महत्त्व आले. २००२ च्या सॉल्ट लेक ऑलिम्पिकमधील परीक्षणाच्या घोटाळ्यानंतर ६.० ची जुनी पद्धत मोडीत निघाली. नव्या पद्धतीत प्रत्येक उडीला, गिरकीला, पदन्यासाला स्वतंत्र मूल्य आले. आता संगीत तेच ठेवून आतला ऐवज बदलता येऊ लागला. जुन्या वाड्याचा दर्शनी भाग कायम ठेवून आत खांब नवे घालावेत, तसे.

१४/
माओ असादाची कथा दुसऱ्या प्रकारची. सोळाव्या वर्षी, २००६-०७ च्या हंगामात, तिने शोपँच्या एका नॉक्टर्नवर छोटे सादरीकरण केले. नृत्यदिग्दर्शक लोरी निकोल. त्यात एका मुलीची प्रसन्न हलकी चाल होती. सात वर्षांनी, २०१३-१४ च्या ऑलिम्पिक हंगामात, असादाने तेच नॉक्टर्न पुन्हा निवडले आणि निकोलनेच ते नव्याने बांधले. दरम्यान असादाने दोनदा जगज्जेतेपद मिळवले होते, ऑलिम्पिक रौप्य मिळवले होते, उड्यांचे तंत्र मुळापासून पुन्हा घडवले होते आणि आई गमावली होती.

१५/
सोची ऑलिम्पिकमध्ये या नॉक्टर्नने तिला दगा दिला. ट्रिपल अ‍ॅक्सेलवर ती पडली, पुढेही चुका झाल्या, ५५.५१ गुण आणि सोळावा क्रमांक. पदकाची आशा पहिल्याच रात्री संपली. दुसऱ्या दिवशी राखमानिनोव्हच्या संगीतावर तिने जे मुक्त सादरीकरण केले त्याविषयी बरेच लिहिले गेले आहे : १४२.७१ गुण, अंतिम सहावा क्रमांक, आणि शेवटच्या सुरावर फुटलेले रडू.

१६/
त्या मानाने पुढच्या महिन्याची कथा कमी सांगितली जाते. मार्च २०१४, जपानमधील सायतामा येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. तेच नॉक्टर्न, तोच पोशाखाचा फिकट जांभळा रंग, तीच पहिली उडी. ट्रिपल अ‍ॅक्सेल नीट उतरला. ७८.६६ गुण, त्या वेळचा महिलांच्या छोट्या सादरीकरणातील जागतिक उच्चांक. असादा तिसऱ्यांदा जगज्जेती झाली. सोचीत पदक देऊ न शकलेली रचना पाच आठवड्यांत उच्चांकाला पोहोचली होती.

१७/
आता हान्यूकडे वळू. ७ डिसेंबर १९९४ चा जन्म, गाव सेंदाई. ११ मार्च २०११ च्या भूकंपाच्या वेळी तो रिंकवर सराव करीत होता. स्केट पायांतच ठेवून बाहेर धावला. पुढच्या वर्षी नीस येथे 'रोमिओ अँड ज्युलिएट'वर स्केटिंग करून त्याने जागतिक कांस्य जिंकले, आणि २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण मिळवले तेव्हाही मुक्त सादरीकरणाची कथा 'रोमिओ अँड ज्युलिएट'चीच होती, संगीतकार मात्र निराळे. नीसमध्ये क्रेग आर्मस्ट्राँग, सोचीत नीनो रोटा. जुन्या खुणेकडे परतण्याची सवय इतकी आधीपासूनची.

१८/
२०१४-१५ मध्ये त्याने शोपँचे पहिले बॅलाड, जी मायनर, छोट्या सादरीकरणासाठी घेतले. सुमारे नऊ मिनिटांची ही पियानोकृती तीन मिनिटांच्या आत बसवायची होती. नृत्यदिग्दर्शक जेफ्री बटल. आरंभी हान्यू बर्फाच्या मध्यभागी निश्चल उभा राहतो, जणू संगीत ऐकतो आहे, आणि मग हलतो. पहिला हंगाम मनासारखा गेला नाही. शांघायच्या स्पर्धेत सरावाच्या वेळी दुसऱ्या खेळाडूशी त्याची जबर टक्कर झाली, पुढे आजारपण आले. रचनेत एकच चौफेरी उडी होती आणि तीही ठरल्या जागी बसेना. म्हणून त्याने बॅलाड पुढच्या वर्षीही ठेवले.

१९/
त्याच वर्षी, २०१५ मध्ये, मुक्त सादरीकरणासाठी आले 'सेइमेइ'. हेइआन काळातील ज्योतिषी-मांत्रिक आबे नो सेइमेइ याच्यावरील २००१ च्या 'ओन्म्योजी' या चित्रपटाचे संगीत. संगीतकार शिगेरू उमेबायाशी. बासरी आणि ढोल. चित्रपटात सेइमेइची भूमिका करणारे क्योगेन परंपरेतील नट नोमुरा मानसाइ यांना हान्यू मुद्दाम भेटला आणि प्रत्येक हालचालीमागचा अर्थ त्याने त्यांच्याकडून समजून घेतला. पाश्चात्त्य ऑपेरा आणि बॅलेच्या संगीतात बुडालेल्या या खेळात आपल्या मातीतील कथा घेऊन सर्वोच्च गुण मागणे हे धाडसच होते.

२०/
ऑक्टोबर २०१५ मध्ये कॅनडातील स्पर्धेत बॅलाड कोसळले : छोट्या सादरीकरणात सहावा क्रमांक. चार आठवड्यांत हान्यूने तीच रचना अवघड केली, सोपी नव्हे. एकाऐवजी दोन चौफेरी उड्या. नोव्हेंबरमध्ये नागानो येथे १०६.३३, 'सेइमेइ'ला २१६.०७, एकूण ३२२.४०. तोवर एकूण तीनशे गुण कोणत्याही पुरुष खेळाडूने गाठले नव्हते. दोनच आठवड्यांनी बार्सिलोनात ११०.९५ आणि २१९.४८, एकूण ३३०.४३.

२१/
एवढ्यावर कथा संपली असती तर २०१८ चा निर्णय निव्वळ हिशोबी ठरला असता. पण मध्ये बॉस्टन आहे. २०१६ च्या जागतिक स्पर्धेत बॅलाडला ११०.५६ गुण मिळाले, आघाडी बारा गुणांहून अधिक होती, आणि मग 'सेइमेइ' ढासळले. ऑर्सरचाच दुसरा शिष्य, स्पेनचा हाविएर फर्नांडेझ, जगज्जेता झाला. ज्या रचनेने उच्चांक दिला तिनेच सर्वांत मोठ्या मंचावर हार दिली होती. २०१६-१७ मध्ये हान्यूने दोन्ही रचना बाजूला ठेवल्या, नव्या रचनांनी हेलसिंकीत जागतिक सुवर्ण परत मिळवले, आणि ऑलिम्पिक हंगाम जवळ येताच जुन्या दोन्ही पुन्हा उचलल्या.

२२/
टीका झालीच. 'सुरक्षित खेळ', 'नवे काही नाही'. यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. ओळखीच्या संगीताने शरीराला वाट ठाऊक असते. वर्षभराची जुळवाजुळव वाचते. तथापि एक ओझेही येते. परीक्षक आणि प्रेक्षक यांच्या स्मरणात बार्सिलोना होते. नव्या रचनेची तुलना इतरांशी होते. जुन्या रचनेची तुलना स्वतःच्याच सर्वोत्तम दिवसाशी. त्यात ९ नोव्हेंबर २०१७ रोजी ओसाका येथील सरावात चौफेरी लुट्झवर तो पडला आणि घोट्याचे अस्थिबंध दुखावले. जुनी रचना निवडण्याचा निर्णय दुखापतीच्या कित्येक महिने आधीचा होता, हे टीकाकार नंतर सहसा विसरले. आता मात्र त्या निर्णयाशिवाय गत्यंतर नव्हते : बर्फावर परतल्यावर हाताशी उरलेल्या मोजक्या आठवड्यांत नवी पावले शिकणे अशक्यप्राय होते.

२३/
गांगनंगमध्ये बॅलाडला १११.६८ मिळाले. दुसऱ्या दिवशी, १७ फेब्रुवारीला, 'सेइमेइ'. उत्तरार्धात पाय थकलेला स्पष्ट दिसत होता. शेवटच्या लुट्झवर तोल गेलाच होता, तो त्याने केवळ हट्टाने सावरला. २०६.१७. एकूण ३१७.८५ आणि सुवर्ण. पुरुष एकेरीत लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णे याआधी अमेरिकेच्या डिक बटनने १९४८ आणि १९५२ मध्ये जिंकली होती. मध्ये सहासष्ट वर्षे गेली.

२४/
पुढच्या दोन हंगामांत त्याने पुनरावृत्तीचा आणखी एक प्रकार केला : स्वतःच्या नव्हे, दुसऱ्यांच्या आठवणींची. 'ओटोनाल' अमेरिकेच्या जॉनी वीअरला वंदन म्हणून. 'ओरिजिन' रशियाच्या येव्गेनी प्लुशेंकोच्या गाजलेल्या 'निजिन्स्की' रचनेला वंदन म्हणून. लहानपणी हान्यूने केसही प्लुशेंकोसारखे कापून घेतले होते. या दोन्ही रचना सुंदर आहेत, तरी त्यांत तो कोठेतरी पाहुण्यासारखा वावरतो. डिसेंबर २०१९ मध्ये तो लागोपाठ दोन मोठ्या स्पर्धा हरला आणि ऐन हंगामाच्या मध्यात पुन्हा बॅलाड आणि 'सेइमेइ'कडे परतला.

२५/
मधल्या काळात पुरुषांच्या मुक्त सादरीकरणाची वेळ साडेचार मिनिटांवरून चारवर आली होती आणि एक उडी कमी झाली होती. 'सेइमेइ'ला पुन्हा कात्री लावावी लागली. फेब्रुवारी २०२०, सोल. कापलेले 'सेइमेइ' अडखळले, १८७.६०. बॅलाड मात्र १११.८२, नव्या गुणपद्धतीतील जागतिक उच्चांक; आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका उडीतून दुसरीत तो कोठे शिरतो हे कळू नये इतके एकसंध. सहाव्या वर्षी ही रचना पूर्ण झाली, असे म्हणायला हरकत नसावी. या विजयाने कनिष्ठ आणि वरिष्ठ गटांतील सर्व प्रमुख स्पर्धा जिंकणारा तो पहिला पुरुष ठरला. पुढच्याच महिन्यातील जागतिक स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली.

२६/
८ फेब्रुवारी २०२२, बीजिंग. या वेळी संगीत होते साँ-साँस यांचे 'रोंदो काप्रिचिओसो'. पहिलीच चौफेरी साल्कोव्ह घेताना हान्यूचे पाते बर्फातील एका खाचेत अडकले. चार फेऱ्यांऐवजी एक झाली, त्या उडीला शून्य गुण मिळाले आणि तिसऱ्या सुवर्णाची वाट तेथेच बंद झाली. अखेर तो चौथा आला. जुलैमध्ये त्याने स्पर्धांचा निरोप घेतला.

२७/
२६ फेब्रुवारी २०२३ रोजी टोकियो डोममध्ये, सुमारे पस्तीस हजार प्रेक्षकांपुढे, तो एकट्याच्या बळावर उभ्या केलेल्या कार्यक्रमात उतरला. मध्येच त्याने स्पर्धेतल्यासारखा सहा मिनिटांचा सराव केला. मग 'रोंदो काप्रिचिओसो' सुरू झाले. परीक्षक नव्हते, गुणफलक नव्हता. चौफेरी साल्कोव्ह बीजिंगमध्ये जेथे हुकली होती त्याच सुरावर आली, आणि या वेळी नीट उतरली.